एकशे चौऱ्याऐंशी छात्या

१

बुधवारी सकाळी एन्नोरच्या खाडीत कोळ्यांच्या जाळ्याला राममूर्ती राव लागला. अंगात पूर्ण कपडे, मनगटाला घड्याळ, पायात एकच चप्पल. कोळ्यांनी त्याला ओळखलं, कारण अभ्रक मंडळाच्या इस्पितळात एक्स-रे काढणारा तो एकटाच होता आणि त्या वस्तीतल्या निम्म्या लोकांच्या छातीचे फोटो त्याने स्वतः काढले होते. दहा वाजता पोलीस आले. अकरा वाजता त्याच्या खोलीतलं फिल्मा ठेवायचं पोलादी कपाट उघडलं. आत काहीच नव्हतं.

बारा वाजता मद्रासच्या बीच रोडवर, मंडळाच्या मुख्य कचेरीत, दक्षता अधिकारी गुंडोराव सचिवांच्या खोलीत उभा होता. वय बावन्न, अंगात काळा कोट, आणि रागीट म्हणून सगळ्या कचेरीत नाव. खोलीला वातानुकूलन होतं. खिडक्या कायमच्या बंद. बाहेर एप्रिलचं ऊन, आत हात गार पडावेत इतका गारवा.

"बसा, गुंडोराव," सचिव देवस्थळी म्हणाले. बाळकृष्ण देवस्थळी पुण्याचे, उंच, पांढऱ्या खादीतले. त्यांचे डोळे लाल होते. "आपल्यातला माणूस होता हो. मराठी बोलणारा. फार लागलं मला."

तिथेच बसलेल्या पोलीस इन्स्पेक्टरने टेबलाच्या काचेवर एक बंद पाकीट ठेवलं. ते राममूर्तीच्या टेबलाच्या खणात सापडलं होतं. सकाळी देवस्थळी पोलिसांबरोबर एन्नोरला गेले होते आणि त्यांनीच खण बघायला सांगितलं होतं. तिथल्या गर्दीत नको म्हणून पाकीट न फोडता इथे आणलं होतं. एन्नोरहून आलेल्या कुठल्याही वस्तूसारखं तेही चकाकत होतं. अभ्रक दळण्याच्या कारखान्याची भुकटी तिथे हवेतच असते. पाकीट उचललं तर काचेवर बारीक चमचम मागे राहिली.

इन्स्पेक्टरने पाकीट फोडलं. आत एकच घडी घातलेला कागद.

"मराठीत आहे," देवस्थळी म्हणाले. "तुम्हीच वाचा. माझा आवाज फुटायचा नाही."

गुंडोरावाने वाचलं.

"मी राममूर्ती राव लिहून ठेवतो की, दळण कारखान्यातील कामगारांच्या छातीच्या एकशे चौऱ्याऐंशी फिल्मा मी परदेशी शिष्टमंडळाच्या माणसाच्या हवाली केल्या आहेत. देशाशी केलेल्या या द्रोहाचे ओझे मला पेलवत नाही. कुणालाही दोषी धरू नये."

खाली राममूर्तीची इंग्रजी सही. गुंडोरावाने ती सही शेकडो अहवालांवर पाहिली होती. तीच होती.

त्याच्या कानशिलात रक्त चढलं. "हरामखोर," तो म्हणाला, आणि हे त्याने मेलेल्या माणसाबद्दल म्हटलं.

२

त्या रागाला कारण होतं. गुंडोराव तरुणपणी सोलापुरात रेल्वेत होता. पुढे मद्रास बंदरात कारकून झाला, तेव्हा गुडूरच्या खाणीतलं अभ्रक मातीमोलाने बोटीत चढताना त्याने रोज पाहिलं होतं. तेच अभ्रक रेडिओचे व्हॉल्व्ह आणि रडारचे कंडेन्सर होऊन परत यायचं, आणि आपण तोंड वासून विकत घ्यायचो. मग एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली कायदा झाला. अभ्रकाचा एक कच्चा तुकडासुद्धा देशाबाहेर जाणार नाही, ज्याला हवं त्याने इथे येऊन तयार माल घ्यावा. बाहेरच्या राष्ट्रांनी दोन वर्षं दातओठ खाल्ले. असं अभ्रक त्यांना दुसरीकडे मिळेना. शेवटी ते गुमान मद्रासला आले.

आता एकसष्ट साल होतं. लंडनला ठरणारा भाव बीच रोडवर ठरत होता. बड्या राष्ट्रांची बैठक भारताची खुर्ची भरल्याशिवाय सुरू होत नव्हती. आपल्या आरमाराला आपलं रडार होतं, आणि ज्यांनी दीडशे वर्षं राज्य केलं त्यांच्या आरमारालाही आपलंच होतं. शुक्रवारी अकरा वाजता शिष्टमंडळ पुढच्या वीस वर्षांच्या करारावर सही करणार होतं.

"आणि या फिल्मा त्यांच्या हातात पडल्या तर?" देवस्थळी म्हणाले. "उद्या जगभर ओरड करतील की, हिंदुस्थानी अभ्रकाला रक्त लागलंय. बहिष्कार घालतील आणि पुन्हा मातीच्या भावाने मागतील. गुंडोराव, शुक्रवारच्या आत अहवाल द्या. त्याने विकलं, तो मेला. प्रकरण मिटलं."

गुंडोराव पत्र कोटाच्या आतल्या खिशात घालून उठला. दारात पोचल्यावर एक गोष्ट त्याला टोचली.

"साहेब, त्या फिल्मांत होतं तरी काय?"

देवस्थळी टेबलावरचे कागद सारखे करत राहिले.

३

ते उत्तर गुरुवारी सकाळी एन्नोरच्या इस्पितळात मिळालं. डॉक्टर राजगोपाल तिथले प्रमुख, गेली नऊ वर्षं. गुंडोरावाशी ते तमिळमध्ये बोलले. दुसरी भाषा म्हणजे इंग्रजी, मराठीचा त्यांना गंधही नव्हता.

"क्षय," ते म्हणाले. "कामगार घरूनच घेऊन येतात."

"सगळे एकशे चौऱ्याऐंशी?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मंडळाच्या फॉर्मात क्षयाचा रकाना आहे. दगडाच्या धुळीने फुप्फुसाचा दगड होतो त्याचा रकाना नाही. मग मी कुठे लिहू?"

"समासात लिहायचं!" गुंडोराव ओरडला. बाहेरची परिचारिका दचकली. "नऊ वर्षं तुम्हाला रकाना सापडला नाही?"

"राममूर्ती हेच म्हणायचा." डॉक्टरांचा आवाज खाली गेला. "दोन वर्षं त्याने अहवाल लिहिले. मी ते वर पाठवले नाहीत. मंगळवारी दुपारी तो म्हणाला, आता मी स्वतः जातो. खांद्यावर पत्र्याची पेटी घेऊन तो गाडीला गेला. त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही."

"कुठे जातो म्हणाला?"

"ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाला की, तिथे एक माणूस आहे, तो ऐकेल."

गुंडोरावाने राममूर्तीची नोंदवही मागून घेतली. सगळ्या नोंदी इंग्रजीत, बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात. प्रत्येक नावापुढे वय. बावीस, एकोणतीस, चोवीस. तिसाव्या वर्षापुढची नावं थोडीच होती, आणि ज्यांच्यापुढे फुली होती ती, म्हणजे मेलेल्यांची, वाचायला त्याला दोन पानं उलटावी लागली. वही मिटली तेव्हा त्याच्या काळ्या बाहीवर चांदीची पूड सांडल्यासारखं झालं होतं.

कारखान्याचा व्यवस्थापक रविकांत बर्वे नागपूरचा, पस्तिशीचा. गिरण्यांच्या गडगडाटात तो घसा ताणून बोलत होता. त्याच्या भुवया, कानांच्या पाळ्या, शर्टाची कॉलर, सगळं चकाकत होतं.

"धूळ ओढणारे पंखे का नाहीत?"

"दोनदा मागितले. बसवायला कारखाना दोन महिने बंद ठेवावा लागतो. वरून उत्तर आलं, करार होईपर्यंत एक दिवसही बंद नको."

"आणि तू गप्प बसलास."

"बसलो." रविकांतने मान खाली घातली. "राममूर्ती बाहेर बोलला असता तर पहिली माझी नोकरी गेली असती, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणूनच आलात ना? मंगळवारी तीन नंबरची गिरणी मोडली होती. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत मी तिच्या पोटात होतो. चाळीस माणसांना विचारा."

गुंडोरावाने सात जणांना विचारलं. सातही जणांनी तेच सांगितलं, आणि सातांपैकी पाच जणांना सांगताना मध्ये थांबून खोकावं लागलं.

बाहेर पडताना त्याला कळेना की तो चिडलाय कुणावर. इस्पितळाच्या फाटकाशी एक बाई उभी होती. तिने त्याला पाहिलं, तरातरा पुढे आली आणि त्याची वाट अडवली.

"माझ्या अण्णाला द्रोही म्हणून म्हटलंत ते तुम्हीच की?"

४

कनका राममूर्तीची धाकटी बहीण, तांबरमच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी. दोघांचीही घराणी तंजावरकडची मराठी, त्यामुळे पाच मिनिटांत नातं निघालं आणि गुंडोराव तिचा मामा झाला. पण त्याने तिचा राग कमी झाला नाही. उलट आता तिला हक्काने बोलता आलं.

"मामा, काल पोलीस घरी येऊन सांगतांत, तुझ्या भावाने देश विकला म्हणून. आज सकाळी शेजारच्यांनी आमच्या दारात शेण टाकलं. अम्मा तेव्हापासून पाणीसुद्धा प्यालेली नाही. अण्णाने लिहून ठेवलंय म्हणतांत. मला एकदा दाखवा की ते कागद!"

"दाखवायचा नसतो, पोरी."

"दाखवा म्हणते ना!"

इस्पितळाच्या ओसरीवर, समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात बसून गुंडोरावाने आतल्या खिशातून कागद काढला. कनकाने तो घेतला. तिची नजर पहिल्या ओळीवर गेली, दुसऱ्या ओळीवर गेली, मग तिने कागद त्याच्यापुढे धरला.

"वाचून दाखवा."

"का? तुला दिसत नाही?"

"दिसतं की. मला ही अक्षरं येत नाहींत."

गुंडोरावाने कागद परत घेतला. "तू मराठी बोलतेस..."

"बोलते. पण लिहायचं म्हणजे तमिळ अक्षरांत. आमच्या घरात सगळेच तसे. स्तोत्रांची पोथीसुद्धा आमची देवनागरीत नाही, इकडच्या ग्रंथ लिपीतली." तिने पिशवीतून एक पोस्टकार्ड काढलं. "हे अण्णाचं, गेल्या आठवड्याचं. बघा."

गुंडोरावाने ते वाचायला सुरुवात केली. अक्षरं तमिळ, पण उच्चारली की शब्द मराठी निघत होते. कनका, अम्माच्या गुडघ्याला तेल लाव, मी रविवारी येतो, येताना काय आणू ते कळव.

"त्याला देवनागरी अजिबात येत नव्हती? शाळेत हिंदी?"

"हिंदीच्या तासाला तो वर्गाबाहेर उभा राहणारा पोर! अय्यो मामा, तुम्ही तंजावरचेच ना? तुमच्या घरी कोण लिहितं ही अक्षरं?"

कुणीच नाही. त्याची आई, आजी, काका, सगळ्यांनी जन्मभर मराठी तमिळ अक्षरांत लिहिली होती. तो एकटा सोलापूरच्या सहा वर्षांत देवनागरी शिकला. म्हणून काल तो कागद घडाघडा वाचून गेला, आणि हे कुणी लिहिलं असेल असा प्रश्न त्याच्या मनाला शिवलाही नाही. उलट त्याने मेलेल्या माणसाला शिवी दिली.

त्याने कागदाची घडी घातली आणि ती खिशात ठेवली.

"पोरी, तुझ्या भावाने हे लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "आणि ज्याने लिहिलं त्याने तुझ्या भावाला मारलं."

५

एन्नोरहून परतीच्या गाडीत गुंडोराव खिडकीशी बसला. समोर कनका. ती त्याला सोडायला तयार नव्हती.

"मराठीत कशाला लिहावं त्याने?" ती म्हणाली. "अण्णाचं सगळं काम इंग्रजीत."

"तेच तर. इंग्रजीत लिहिलं असतं तर नोंदवहीच्या अक्षराशी ताडून पाहता आलं असतं. एक सही गिरवता येते, पण आख्खं पान गिरवता येत नाही. हे पत्र लिहिणाऱ्याला तमिळ येत नसणार. मग उरली मराठी. तुझ्या भावाला मराठी बोलताना त्याने ऐकलं होतं. त्याचं मराठी अक्षर कुणी पाहिलेलं नाही, हे त्याला ठाऊक होतं. का पाहिलेलं नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. जो मराठी शाळेत शिकला त्याला वाटतं, बोलणारा लिहितोच."

"म्हणजे महाराष्ट्रातून आलेला."

"मंडळात देवनागरीत मराठी लिहिणारे आम्ही तिघेच. रविकांत, देवस्थळी साहेब आणि मी. मी लिहिलं नाही एवढं मला माहीत आहे."

"मग त्या रविकांतने! कारखाना त्याचा, धूळ त्याची!"

गुंडोरावालाही तेच म्हणायचं होतं. पण मंगळवारभर रविकांत मोडक्या गिरणीत होता. पत्र मात्र कधीही लिहिता आलं असतं. मारणारा एक आणि लिहिणारा दुसरा, असंही असू शकतं. त्याने पत्र पुन्हा काढलं, घडी उलगडली, आणि सवयीने ते बाहीवर टेकवून सरळ केलं.

बाही तशीच काळी राहिली.

तो एकदम सरसावून बसला. कोटाच्या एका बाहीवर सकाळची नोंदवहीची पूड होती. ही दुसरी बाही स्वच्छ होती. पत्र त्याने तिच्यावर घासलं, पुन्हा घासलं. काही नाही. मग खिशातून घडी केलेला एक कागद काढला. निघण्यापूर्वी रविकांतने बंद बंगल्यात, बंद कपाटातल्या कोऱ्या वहीतून फाडून त्यावर आपला जबाब लिहून दिला होता. तो बाहीवर टेकवताच तिथे चांदण्यांची एक रेघ उमटली.

"कनका, एन्नोरला राहणारा माणूस एन्नोरच्या कागदावर लिहितो. पाकीट तिथे काही वेळ होतं, म्हणून ते बाहेरून चकाकलं. पण आतला कागद तिथे आज ओसरीवर दोन मिनिटंच उघडला, आणि तेव्हा वारा समुद्राकडून होता. तो लिहिला गेला तिथे धूळ शिरत नाही."

"अशी कुठली जागा?"

जिथे खिडक्या कायमच्या बंद असतात, आणि एप्रिलमध्ये हात गार पडतात.

गाडी बेसिन ब्रिजपाशी थांबली, सुटली. तेरा वर्षं त्या माणसाची भाषणं गुंडोरावाने पहिल्या रांगेत बसून ऐकली होती. टाळ्या वाजवताना तळहात लाल व्हायचे.

"तिथे एक माणूस आहे, तो ऐकेल," तो स्वतःशीच म्हणाला.

६

देवस्थळींच्या गाडीचा चालक गजेंद्र कचेरीमागच्या चिंचेखाली गाडी पुसत होता. गुंडोराव त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"मंगळवारी दुपारी राममूर्ती इथे आला होता. पत्र्याची पेटी घेऊन."

गजेंद्रचा हात थांबला. "अय्या, मला विचारू नका."

"मी सांगतो, तू फक्त ऐक. साहेब त्याला म्हणाले, चल, मला कामगार दाखव, मी मंत्र्यांशी बोलतो. तू दोघांना एन्नोरला नेलंस. पेटी गाडीतच राहिली. परत आले ते एकटे साहेब."

गजेंद्रने फडकं बुचकळून पिळलं. "मी सांगितलं तर?"

"तर नोकरी जाईल. खोटं कशाला बोलू?"

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर राहील."

"माझी बहीण त्या कारखान्यात चाळणीवर आहे," गजेंद्र म्हणाला. "सुंदरी. मंगळवारी तो माणूस गाडीत माझ्या शेजारी बसला होता. मी हळूच विचारलं, सुंदरीची फिल्म आहे का त्यात? तो म्हणाला, आहे, एकतिसावी. साहेबांनी दाखवली की तिला रजा मिळेल." त्याने फडकं बादलीत आपटलं. "खाडीच्या बांधाच्या अलीकडे गाडी थांबवायला लावली. दोघे चालत गेले. अर्ध्या तासाने साहेब आले, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. म्हणाले, तो वस्तीत राहिला. संध्याकाळी पेटी बंगल्यावर मीच उचलून दिली. साहेबांनी मागच्या अंगणात जाळ केला. दोन दिवस झाले, गाडीत बसलो की तो वास येतो."

"न्यायाधीशापुढे सांगशील?"

गजेंद्र उठला आणि त्याने गाडीचं दार उघडलं. "बसा, अय्या. आत्ता चला. रात्र गेली तर माझी हिंमत जाईल."

७

शुक्रवारी सकाळी दहा वाजता गुंडोराव त्या गार खोलीत शिरला. देवस्थळींनी करारावर वाचायचं भाषण हातात धरलं होतं.

"अहवाल आणलात?"

गुंडोरावाने पत्र काचेवर ठेवलं, शेजारी पोस्टकार्ड ठेवलं. मग उभ्यानेच सगळं सांगितलं. अक्षरांचं, धुळीचं, गजेंद्रचं. त्याचा आवाज चढला नाही, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं.

देवस्थळींनी पोस्टकार्ड उचललं, उलटसुलट पाहिलं. "तमिळ अक्षरांत मराठी," ते हळू म्हणाले. "मला माहीतच नव्हतं."

"तेरा वर्षं आमच्यात राहिलात. कधी विचारलंत?"

"बसा, गुंडोराव. तुम्ही बंदरात होतात. आपला माल त्यांच्या बोटीत चढताना तुम्ही पाहिलाय. दोनशे छात्या एका बाजूला आणि चाळीस कोटींचा देश दुसऱ्या बाजूला. मी त्याला किती समजावलं! तो म्हणाला, शुक्रवारी मी सगळ्यांसमोर मांडणार. बांधावर आम्ही उभे होतो. मी..." ते थांबले. "मी त्याला ढकललं."

"ओरडला?"

"एकदा."

"कुठल्या भाषेत?"

देवस्थळींनी डोळे मिटले. "मराठीत."

तेव्हा मात्र गुंडोरावाने टेबलावर मूठ आपटली. काच तडकली. "तो तुमच्याकडे आला, कारण तुम्ही त्याची भाषा बोलत होतात! पूर्वी परके आपल्याला ओरबाडत होते. तुम्ही ते काम आपल्याकडे घेतलंत, एवढंच झालं तेरा वर्षांत!"

"दोन तास थांबा," देवस्थळी म्हणाले. "करार होऊ द्या. मग मी स्वतः चालत पोलिसात जातो. वीस वर्षांचा प्रश्न आहे हो."

गुंडोरावाने दार उघडलं. जिन्यावर इन्स्पेक्टर वॉरंट घेऊन उभा होता.

अकरा वाजता सभागृहात देवस्थळींची खुर्ची रिकामी होती. अध्यक्षांनी घाईघाईने सांगितलं की सचिवांची प्रकृती बिघडली आहे. गुंडोराव मागच्या रांगेतून उठला, मधल्या वाटेने पुढे गेला आणि इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, शिष्टमंडळाच्या प्रमुखाला सगळं सांगून टाकलं. एन्नोरची धूळ, फुली मारलेली नावं, फिल्मा, खून. अध्यक्ष पांढरेफटक पडले. आता करार मोडणार, असं गुंडोरावालाही वाटलं. मोडला तर मोडू दे, असं त्याने रात्रीच ठरवलं होतं.

पिकल्या केसांचा तो प्रमुख शांतपणे ऐकत होता. मग त्याने खिशातून पेन काढलं.

"आमच्या डॉक्टरांनी आम्हाला हे तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "हा तुमचा अंतर्गत प्रश्न आहे. सही कुठे करायची?"

८

गुंडोरावाला दुसऱ्याच आठवड्यात निलंबनाचा कागद मिळाला. त्यानंतर तो तुरुंगात देवस्थळींना भेटायला गेला. गजांच्या अलीकडे उभं राहून त्याने एवढंच सांगितलं की, शिष्टमंडळाच्या लोकांना आधीपासून माहीत होतं, आणि तरीही त्यांनी सही केली.

देवस्थळींना पहिल्यांदा ते कळलंच नाही. मग कळलं. ते हळूहळू खाली बसले. गुंडोराव निघून आला. त्याला वाटलं होतं की हे सांगून बरं वाटेल. वाटलं नाही.

बाहेर कनका उभी होती. "फिल्मा जळाल्या, मामा," ती म्हणाली. "पण छात्या कुठे जळाल्यात?"

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी एन्नोरहून सकाळच्या गाडीने एकसष्ट माणसं निघाली. मद्रासला उतरून, बीच स्टेशनवरून दुसरी गाडी धरून ती तांबरमला पोचली. तिथल्या एका खासगी दवाखान्यात कनकाच्या शाळेतल्या एका बाईंचा भाऊ एक्स-रे काढायचा. बाकीच्यांचा नंबर पुढच्या रविवारी, मग त्याच्या पुढच्या. डॉक्टर राजगोपालही आले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते कोपऱ्यात टेबल लावून बसले आणि प्रत्येकाचं नाव, वय, कारखान्यातली वर्षं कोऱ्या कागदावर लिहू लागले. छापील फॉर्म त्यांनी आणलाच नव्हता.

गजेंद्र आपल्या बहिणीला हाताला धरून आत घेऊन आला. सुंदरी सत्तावीस वर्षांची होती आणि पन्नाशीची दिसत होती. तिला फळीला छाती टेकवून उभं केलं.

"श्वास घ्या," आतला माणूस म्हणाला. "धरून ठेवा."

तिने घेतला. धरवला नाही. खोकल्याची उबळ आली, ती वाकली, फिल्म वाया गेली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. ती ओशाळून रांगेकडे बघायला लागली. मागे साठ माणसं उन्हात उभी होती. आतल्या माणसाने गुंडोरावाकडे पाहिलं आणि मोजक्या फिल्मांच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"अय्या, हिला धरताच येत नाहीये. पुढच्याला घेऊ?"

"नाही," गुंडोराव म्हणाला. त्याने कोट काढून खुंटीला लावला आणि सुंदरीच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "हिचीच घे. जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा घे."

रांगेतलं कुणीही हललं नाही.

"श्वास घे, अम्मा," गुंडोराव म्हणाला.

सुंदरीने पुन्हा श्वास घेतला.